एकशे ऐंशी लाल गोळ्यांचा हिशेब

एका गरोदरपणाला साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वार घेतात, ५०० आईचं वाढीव रक्त तयार करायला जातं आणि उरलेलं दोनशे शरीराच्या रोजच्या झिजेत. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस घेतली तर पोटात १०,८०० मिलिग्रॅम जातात. आतडं त्यातला दहावा हिस्सा शोषून घेतं असं धरलं, तर रक्तात पोचतात १,०८०. गरज आणि पुरवठा यांचा मेळ फुकट मिळणाऱ्या गोळीवर बसतो. नव्वद दिवस घेतली तर मात्र हिशेब ५४० वर थांबतो, आणि बाकीचं लोह आईच्या साठ्यातून जातं. आपल्याकडे बहुतेक मुलींचा हा साठा लग्नाआधीच रिकामा असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली होतं. आधीच्या फेरीत हा आकडा ५०.४ होता. महाराष्ट्रात तो ४९.३ वरून ४५.७ वर आला, तरीही जवळपास दोघींमागे एक. याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी १०० दिवस घेणाऱ्या माता देशात ४४.१ टक्के निघाल्या आणि १८० दिवस घेणाऱ्या फक्त २६. चौथ्या फेरीत हेच आकडे ३०.३ आणि १४.४ होते. सुधारणा आहे, पण पुरेशा दिवसांची गोळी अजूनही चौघींतल्या एकीच्याच पोटात जाते.

घुग्घुससारख्या गावात हे समजून घेण्याची गरज जास्त आहे. चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या वणी क्षेत्राच्या खाणींवर, सिमेंट कारखान्यावर आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्यांवर जगतं. कुणाच्या घरात खाणीतली पक्की नोकरी असते, शेजारच्या खोलीत ठेकेदाराकडचा कामगार. दोन्ही घरांत सुनेला दिवस गेले की मेडिकलमधून टॉनिकची बाटली, प्रोटीनचा डबा आणि ‘ताकदीच्या गोळ्या’ येतात. आशाताईंनी दिलेली लाल पाकिटं मात्र फडताळात पडून राहतात, कारण गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि फुकटची गोळी कमअस्सल असणार अशी समजूत असते. शौच काळी होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडणं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं, झोपण्याआधी गोळी घ्यावी. वर चहा घेऊ नये. चहामुळे लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. त्याच्या जागी लिंबूपाणी चालतं.

महागाची गोळी घ्यायचीच असेल तर पाकिटावरचा कोणता आकडा वाचायचा, हे एकदा कळलं की पुढचं सोपं होतं. पाहायचं ते ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे प्रत्यक्ष लोह. फेरस फ्युमरेट या क्षारात ते ३३ टक्के असतं, फेरस ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. पाकिटावर मोठ्या अक्षरात ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेट लिहिलं असेल तर गोळीत लोह निघतं ३६. कॅल्शियमचंही तसंच. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण १,००० मिलिग्रॅम सायट्रेटमध्ये जेमतेम २१०. किंमत ताडायची तर गोळीमागे ताडू नये, प्रत्यक्ष लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या मिलिग्रॅममागे ताडावी. पाकिटावर आणखी एक गोष्ट बघावी. औषध म्हणून बनलेल्या गोळीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक असतो आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापलेलं असतं, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. रक्त कमी असलेल्या बाईला असा डबा औषधाच्या जागी देणं मला गैर वाटतं, मग देणारा दुकानदार असो की घरचं माणूस.

रक्त कमी निघालंच तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. २०१८ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’च्या सूचनांप्रमाणे हिमोग्लोबिन ११ किंवा वर असेल तर रोज एक गोळी, ७ ते १०.९ च्या दरम्यान असेल तर रोज दोन. महिन्याभरात एक ग्रॅमही वाढलं नाही तर वरच्या दवाखान्यात पाठवायचं. गोळी सोसत नसेल किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह. ७ च्या खाली गेलं की रुग्णालय, आणि ५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी भरती. प्रसूतीनंतरही १८० दिवस रोज एक गोळी आहे, हे फार थोड्या घरांत माहीत असतं. बाळ झालं की लाल पाकीट बंद होतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत या पायऱ्यांच्या आधी एक तपासणी हवीच, ती सिकलसेलची. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे आणि आदिवासींबरोबर इतर समाजांतही हा आजार आहे. सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार (एसएस) असलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन कमी असतं ते रक्तपेशी लवकर फुटतात म्हणून; तिच्या शरीरात लोह कमी असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलं असेल तर उलट जास्त असू शकतं. तिला लोह द्यायचं की नाही हे फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची, तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचं, आणि फॉलिक अ‍ॅसिड मात्र ५ मिलिग्रॅमचं द्यायचं. ‘एएस’ म्हणजे फक्त वाहक असलेल्या स्त्रीनं घाबरून लाल गोळी सोडू नये, तिला ती इतरांसारखीच लागते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता २५ टक्के. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या मोहिमेतलं किंवा आधीच्या तपासणीतलं कार्ड घरात असेल तर ते पहिल्या भेटीलाच नर्सबाईंना दाखवावं.

रेशनचा तांदूळही इथे हिशेबात धरावा लागतो. पोषक घटक मिसळलेल्या तांदळाचा प्रयोग महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात झाला. निकषाप्रमाणे अशा एका किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिसळलेलं असतं. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून ११ ते १७ मिलिग्रॅम मिळतं. भाताच्या पट्ट्यात हा मोठा आधार आहे, पण ६० च्या गोळीची जागा तो घेत नाही.

फॉलिक अ‍ॅसिडचा शोध मात्र थेट आपल्या कामगार बायांपर्यंत जातो. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली ती गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा एक विशिष्ट रक्तक्षय समजून घ्यायला. तो लोहानं बरा होत नव्हता. गरीब घरांतल्या बायांच्या आहारात काहीतरी कमी आहे हे तिनं ओळखलं आणि यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला, तेच फॉलिक अ‍ॅसिड. जगभरातल्या गरोदर बाया आज जी गोळी घेतात तिच्यामागे परळ-लालबागच्या चाळींतल्या बायांचं रक्त आहे, हे आपण अभिमानानं सांगायला हवं.

पण या गोळीची वेळ फार थोड्यांना माहीत आहे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून खात्री होईपर्यंत ते दिवस संपत आलेले असतात. ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेनं १९९१ मध्ये दाखवलं की आधीच्या बाळाला हा दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. त्या प्रयोगातली मात्रा ४ मिलिग्रॅमची होती. सर्वसाधारण स्त्रीला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. मेडिकलवर मागितली की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, म्हणजे बारापटीहून जास्त. आधीच्या बाळात दोष, मिरगीची औषधं, मधुमेह किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टर तीच मोठी मात्रा देतात. बाकीच्यांनी मात्र पाकिटावरचा आकडा पाहून घ्यावी.

जास्त घेतलं तर काय बिघडतं, हे पुण्याजवळच्या सहा गावांनी दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ६० टक्क्यांहून अधिक स्त्रियांत बी-१२ कमी निघालं, फॉलेट मात्र पुरेसं होतं. ज्यांच्यात फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांत असतं. घरात शाकाहार असेल किंवा गरोदरपणाच्या नावाखाली अंडी-मासे बंद केले असतील तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारणं हे टॉनिक आणण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

आणि मुंबईच्या वस्त्यांत झालेला दुसरा प्रयोग. २००६ ते २०१२ या काळात तिथल्या स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला, समोशासारखा खाऊ रोज दिला गेला. सगळ्यांचा मिळून बाळाच्या वजनात फरक २६ ग्रॅमचा, संख्याशास्त्राच्या दृष्टीनं नगण्य. पण गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत तो ४८ ग्रॅम निघाला, आणि गरोदरपणातला मधुमेह तुलनेसाठी साधा खाऊ दिलेल्या गटातल्या १२.४ टक्क्यांच्या जागी ७.३ टक्के निघाला. हे काम डब्यातल्या पावडरीनं केलं नव्हतं. अंबाडी, तरोटा, शेवगा, जवसाची चटणी, शेंगदाण्याचा लाडू, नदीतला मासा हे सगळं आपल्या भागात घरोघरी ओळखीचं आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून गरोदर स्त्रीला रोज एक चौरस जेवण मिळतं. घुग्घुस त्या क्षेत्रात मोडत नाही. इथे पोषणाचा भार घरच्या ताटावर जास्त पडतो.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात. २०१४ च्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व असलेली गोळी जेवणासोबत घ्यायची. प्रसूतीनंतर सहा महिनेही. लोहाच्या गोळीपासून ती किमान दोन तास दूर ठेवायची, दोन्ही एकत्र गेल्या तर लोह वाया जातं. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये गरोदरपणासाठी जी यादी दिली तीत क, ई आणि बी-६ जीवनसत्त्वांच्या वेगळ्या गोळ्या सरसकट देऊ नयेत असंच म्हटलं आहे. अ जीवनसत्त्व तर दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळाला इजा करू शकतं. म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या एकत्र घेऊ नयेत.

आता विमा. प्रश्न बहुधा असा येतो: एवढा हप्ता भरतो, तर गोळ्या-टॉनिकचं बिल विमा कंपनी देईल का? उत्तर आकड्यात सांगता येतं, कलम १४ आणि कलम १८. विमा नियामक ‘इर्डाई’नं २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातला चौदावा अपवाद म्हणतो, चिठ्ठीशिवाय विकत मिळणारी जीवनसत्त्वं, खनिजं आणि पूरक आहार यांचा खर्च मिळणार नाही. रुग्णालयात भरती असताना किंवा डे-केअर उपचारात डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढाच मिळेल. अठरावा अपवाद बाळंतपणाचा. सिझेरियनसह प्रसूतीचा खर्च साध्या पॉलिसीत नसतो. गर्भ नळीत राहिला तर तो उपचार मात्र अपवादातून वगळलेला आहे. म्हणजे नळीतल्या गर्भाचं ऑपरेशन ‘बाळंतपण’ म्हणून कुणी नाकारलं तर हे कलम दाखवता येतं.

बाळंतपण धरणारी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. तिला प्रतीक्षाकाळ असतो, कुठे नऊ महिने, कुठे चार वर्षंसुद्धा, आणि रकमेला वेगळी मर्यादा. दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला कामाची नाही. घेण्याआधी साधा हिशेब करावा. समजा या सोयीसाठी वर्षाला ५,००० रुपये जास्त हप्ता आहे, प्रतीक्षा तीन वर्षं आणि मर्यादा ४०,०००. तर १५,००० भरल्यावर दार उघडतं, आणि त्या काळात लागलेल्या बाळंतपणाला काहीच मिळत नाही. कारखान्याच्या समूह विम्यात मात्र बाळंतपण अनेकदा पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं, आणि काही ठिकाणी प्रसूतीआधीच्या-नंतरच्या तपासण्या आणि औषधांना छोटी वेगळी मर्यादा असते. गोळ्यांचे पैसे परत मिळण्याची खरी शक्यता तिथेच. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचं पक्कं बिल दोन्ही जपून ठेवावीत.

वेकोलिच्या पक्क्या कामगाराच्या घरच्यांना कंपनीचीच वैद्यकीय सोय आहे, घुग्घुसमध्ये राजीव रतन रुग्णालय आहे. कारखान्यातल्या २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. इथे कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के कापले जातात. १५,००० पगारावर कामगाराचे ११३ आणि मालकाचे ४८८ रुपये. त्या बदल्यात कुटुंबाला औषधं, तपासण्या, भरती. जिथे ईएसआयची प्रसूतीची सोय नाही तिथे दोन बाळंतपणांपर्यंत प्रत्येकी ७,५०० रुपये मिळतात. स्त्री स्वतः विमाधारक असेल तर २६ आठवडे पूर्ण मजुरी. दिवसाला सरासरी ५०० रुपये धरले तर १८२ दिवसांचे ९१,००० होतात. मागच्या दोन सलग वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली म्हणजे झालं.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण करणाऱ्या कुठल्याही स्त्रीला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या आणि गाडी मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही. राज्याच्या महात्मा फुले योजनेचं पाच लाखांचं कवच मोठं आहे, पण ते भरती झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांचं. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. रोख पैसा येतो तो मातृवंदना योजनेतून: पहिल्या बाळाला ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत ५,०००, आणि दुसरी मुलगी झाली तर एकरकमी ६,०००. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी लागते. ई-श्रम कार्ड किंवा आठ लाखांच्या आतलं उत्पन्न यांपैकी काहीही पात्रतेला चालतं, म्हणून ठेकेदारी कामगारांच्या बायकांनी हा अर्ज सोडू नये.

त्यांचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. खाणकामगार स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसूती लाभ कायदा १९४१ सालीच आला. १९४३ मध्ये मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यात दुरुस्ती मांडली. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेसाठीही ते बोलले होते. पुढे १९४८ च्या ईएसआय कायद्यानं खाणींना ‘कारखान्या’च्या व्याख्येबाहेर ठेवलं, कारण खाणींची व्यवस्था वेगळी असणार होती. त्या वेगळ्या व्यवस्थेचा लाभ पक्क्या कामगाराला मिळतो. ठेकेदार बदलला की ज्याचं नावही बदलल्या यादीत शोधावं लागतं, त्या कामगाराच्या बायकोला तो मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून घरात दिवस गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात पगारचिठ्ठी काढून बघावी. ईएसआयची कपात दिसत असेल तर विमा क्रमांक घेऊन त्यावर किती दिवसांची वर्गणी जमा झाली ते तपासावं. कपात होते पण जमा दिसत नसेल तर लेखी तक्रार ईएसआय कार्यालयात करावी. कपातच नसेल तर ठेकेदाराकडून आणि मूळ कंपनीकडून बायकोच्या बाळंतपणाची सोय कोणती, हे लेखी मागावं. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर नोंदणी, सिकलसेलची तपासणी आणि दर महिन्याच्या ९ तारखेचं सरकारी दवाखान्यातलं मोफत तपासणी शिबिर यांना कुठल्याच कार्डाची गरज नाही, आणि लाल गोळीलाही नाही.